हिवाळ्यात बांधलेला वेग

डेट्रॉइटच्या ईशान्येला सेंट क्लेअर सरोवर आहे. ह्युरॉन सरोवराचं पाणी नदीतून इथे उतरतं आणि पुढे डेट्रॉइट नदीवाटे ईरी सरोवरात जातं. सरोवराची सरासरी खोली साडेतीन मीटरसुद्धा नाही. वारा सुटला की इथल्या लाटा आखूड आणि उभ्या उठतात. तरीही वेगवान बोटींचं वेड अमेरिकेत ज्या थोड्या ठिकाणी मुरलं, त्यांत हा परिसर फार वरचा. नदीकाठच्या अल्गोनॅक गावात ख्रिस स्मिथच्या बोटी घडल्या. त्याच गावातून गार वूडनं 1920मध्ये विमानाची दोन लिबर्टी इंजिनं एका बोटीत बसवून हार्म्सवर्थ करंडक जिंकून आणला. 1932मध्ये त्याची ‘मिस अमेरिका टेन’ पॅकार्डची चार इंजिनं घेऊन सेंट क्लेअर नदीवर ताशी 124.86 मैलांनी, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्याही वर धावली. बोटीत आहे त्यापेक्षा मोठं इंजिन बसवण्याची इथली हौस शंभर वर्षांहून जुनी आहे.

ही हौस हिवाळ्यात भागवावी लागते. ऑक्टोबरात बोटी पाण्याबाहेर निघतात आणि मे उजाडेपर्यंत ट्रेलरवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर बसून राहतात. काम करायला सात महिने मिळतात, असं वाटतं. पण अडलेल्या बोटींच्या हिशेबाचं कोष्टक पाहिलं तर वेळ कारागिरीत गेलेला नसतो, तो वाट पाहण्यात गेलेला असतो: भाग यायची वाट, सिलिंडर बोअर करून मिळायची वाट, फायबरचं काम करता येईल इतकी ऊब शेडमध्ये येण्याची वाट. म्हणून या कामात नियोजनाला पान्याइतकंच मोल आहे.

उदाहरणादाखल नव्वदच्या दशकातली, चोवीस-पंचवीस फुटी, एका इंजिनाची बोट घेऊ. तिचा तळ खोल ‘व्ही’ आकाराचा. रे हंट या आरेखकानं आखलेल्या अशा तळाच्या ‘मॉपी’ने 1960ची मायामी–नासाऊ शर्यत जिंकली आणि खवळलेल्या पाण्यावर वेग टिकवायचा कसा, हे सगळ्यांना दिसलं. मरीन ड्राइव्हसमोर 2017 साली पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या, तेव्हा मुंबईकरांनी पाहिलेल्या बोटींची इंजिनं मागे बाहेर टांगलेली होती. आपल्या बोटीचं इंजिन मात्र पोटात आहे, मोटारगाडीच्या घराण्यातलं. तिथून शक्ती मागच्या भिंतीतून बाहेर पडते आणि पाण्यात उतरलेल्या पायातून पंख्यापर्यंत पोचते. या पायाला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. व्होल्व्हो पेंटानं तो 1959मध्ये बाजारात आणला आणि दोन वर्षांनी मर्क्युरीचा मर्क्रूझर आला. इंजिन म्हणजे शेव्हरलेचं 454 घनइंची ‘बिग ब्लॉक’: आठ सिलिंडर, 7.4 लिटर, साधारण 365 अश्वशक्ती. खाली ब्राव्हो वन ड्राइव्ह.

शेवटच्या फेरीलाच पुढच्या हंगामाची आखणी सुरू व्हायला हवी. बोट पाण्यात आणि इंजिन गरम असताना पूर्ण थ्रॉटलला किती फेरे मिळतात, ऑइलचा दाब किती, तापमान किती, वळताना मागून घरघर येते का, हे लिहून घ्यायचं. मग आठही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजायचं आणि एखादा कमी भरला तर त्यात हवा सोडून ती कुठून निसटते ते ऐकायचं. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, एग्झॉस्टमधून आली तर दुसरा व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. बोट थंड शेडमध्ये शिरल्यावर ही तपासणी तितकी खरी उतरत नाही. शरदातली ही एक दुपार हिवाळ्यातल्या अनेक आठवड्यांचे अंदाज वाचवते.

त्यानंतर गारठ्याचा बंदोबस्त. बहुतेक स्टर्नड्राइव्ह इंजिनं सरोवराचंच पाणी आत ओढून थंड होतात. गोड्या पाण्यात गंज कमी चढतो, हे या सरोवरांचं वरदान आहे. पण पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं, आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉक ते सोसत नाही. ब्लॉकच्या दोन्ही अंगांचे आणि एग्झॉस्ट मॅनिफोल्डचे बूच काढून पाणी सोडायचं आणि प्रत्येक भोकात तार घालून पाहायची. गंजाचा एखादा पापुद्रा भोक अडवतो, दोन थेंब गळून धार थांबते, आणि पाहणाऱ्याला ब्लॉक रिकामा झाला असं वाटतं. वसंतात ऑइल दुधाळ दिसलं की मग इंजिन बदलणं हा हौसेचा विषय उरत नाही. जळलेल्या ऑइलमध्ये आम्ल असतं, ते हिवाळाभर बेअरिंगांवर बसू नये म्हणून ऑइलही साठवणीआधीच बदलतात, मेमध्ये नाही.

ड्राइव्हचं गिअर ऑइल थोडं काचेच्या बरणीत काढून पाहायचं. ते दुधाळ असलं तर सील गेले. ड्राइव्ह उतरवला की आतलं गिंबल बेअरिंग हातानं फिरवता येतं. ते खरखरलं तर बदलायचं. त्याच्याभोवतीचा रबरी बेलोज हा या बोटीतला स्वस्तातला भाग, पण तो पाण्याच्या पातळीखाली असतो. तो फाटला तर आधी बेअरिंग जातं, आणि बांधून ठेवलेली बोट बुडूही शकते. मी कुणाचीही हिवाळी कामांची यादी पाहिली की त्यात हा बेलोज कितव्या क्रमांकावर आहे ते आधी शोधतो. सुपरचार्जर वर आणि बेलोज खाली असेल, तर ती यादी पुन्हा लिहावी असं माझं स्पष्ट मत आहे.

मग शक्तीवाढीचा मुद्दा. पाण्यावर उचलून धावणाऱ्या बोटीचा ढोबळ नियम असा, की वजन तेच राहिलं तर वेग शक्तीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. आपली बोट 365 अश्वशक्तीवर ताशी 97 किलोमीटर जाते असं धरू. तिच्यात 502 घनइंची, 415 अश्वशक्तीचं इंजिन बसवलं तर वेग 103च्या आसपास जातो. ताशी 113 किलोमीटर हवे असतील तर जवळजवळ 500 अश्वशक्ती लागेल. वेग सोळा टक्के वाढवायला शक्ती छत्तीस टक्के! आणि इथवर पोचल्यावर साध्या ब्राव्होचे गिअर धोक्यात येतात, म्हणून मर्क्युरी रेसिंगचा अधिक बळकट एक्सआर ड्राइव्ह घ्यावा लागतो. पाठोपाठ इंजिन आणि ड्राइव्ह जोडणारा कपलर, हायड्रॉलिक स्टिअरिंग, इंधनाच्या जाड नळ्या. इंजिनाची किंमत विचारणाऱ्यानं या संपूर्ण साखळीची किंमत विचारायला हवी.

गाडीच्या शर्यतीतलं इंजिन उचलून बोटीत टाकू, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते टिकत नाही. गाडी सपाट रस्त्याला लागली की इंजिनाला उसंत मिळते. बोट म्हणजे तासन् तास न संपणारा खंबाटकी घाट. दुसरी अडचण जास्त अवघड आहे. बोटीच्या एग्झॉस्टमध्ये थंडाव्यासाठी पाणी सोडलेलं असतं. जास्त शक्तीसाठी तीव्र कॅमशाफ्ट घातला, तर इनटेक आणि एग्झॉस्ट दोन्ही व्हॉल्व्ह बराच वेळ एकत्र उघडे राहतात. मग मंद फेऱ्यांवर इंजिन एग्झॉस्टमधलं पाणी उलटं सिलिंडरात ओढतं. कारागीर याला रिव्हर्जन म्हणतात. म्हणून मरीन कॅमचं टोकाचं आरेखन टाळून शक्ती हेडच्या मोठ्या वाटा, अचूक इंधन आणि एग्झॉस्टच्या चांगल्या मॅनिफोल्डमधून मिळवतात. स्टार्टर आणि अल्टरनेटर ठिणगी बाहेर न पडू देणारे मरीन जातीचेच हवेत, कारण पेट्रोलची जड वाफ बोटीच्या तळाशी साचते. इथे स्वस्त सुटा भाग लावणं म्हणजे जिवाशी खेळ.

इंजिन उचललेलं असतं तेव्हा त्याच्या खालच्या आणि मागच्या लाकडाकडे पाहायची दुसरी संधी वर्षभर येत नाही. या बोटींच्या मागच्या भिंतीत आणि तळाच्या कण्यांत बहुधा फायबरनं मढवलेलं प्लायवुड असतं. एखाद्या स्क्रूच्या भोकातून शिरलेलं पाणी ते वर्षानुवर्षं कुजवतं. लहान हातोडीनं ठोकत गेलं की घट्ट लाकूड टणक वाजतं आणि कुजलेलं बसका आवाज देतं. मागची भिंत भिजलेली निघाली तर माझ्या मते त्या हिवाळ्यापुरता मोठ्या इंजिनाचा बेत सोडावा. वाढीव ताकदीचा सगळा रेटा याच भिंतीतून बोटीत शिरतो. रेझिन नीट आळून यायला शेड उबदार लागते, म्हणजे मिशिगनच्या जानेवारीत हीटर रात्रंदिवस चालू ठेवावा लागतो. हे काम ख्रिसमसच्या आधी उरकणारे शहाणे.

ब्लॉक आणि हेड मशीन शॉपमध्ये नोव्हेंबरातच पोचवावेत. मार्चमध्ये सगळं सरोवर जागं होतं आणि तिथल्या रांगेत आपण शेवटचे उभे राहतो. डिसेंबरात मोजमाप होऊन पिस्टन मागवले, तर जानेवारीत बोअर, फेब्रुवारीत जोडणी, मार्चमध्ये इंजिन आत बसवून कपलरची रेषा संरेखन-दांड्यानं साधणं, एवढं जमतं. दांडा सहज आतबाहेर सरकला पाहिजे. अडला तर इंजिनाचे माउंट वर-खाली करायचे, हातोडीनं दामटायचं नाही.

नवा पंखा मात्र हिवाळ्यात विकत घेऊ नये. कागदावर हिशेब करता येतो: 4800 फेऱ्या, 1.5ला एक असा गिअर, म्हणजे पंखा मिनिटाला 3200 वेळा फिरणार. त्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचं अंतर, 24 इंच असेल तर ताशी 117 किलोमीटर, त्यातून बारा टक्के घसर वजा केली की 103. पण ही घसर त्या तळाची, त्या वजनाची, ड्राइव्ह किती उंच बसवला आहे त्याची असते. मेमध्ये पाणी लागल्यावर ओळखीच्या माणसाकडून 23 आणि 25 इंचांचे पंखे मागून आणावेत आणि अर्धी टाकी पेट्रोल भरून एकाच दिवशी दोन्ही लावून पाहावेत. पूर्ण थ्रॉटलला इंजिनाचे फेरे कारखान्यानं दिलेल्या कमाल हद्दीच्या जवळ, पण तिच्या आत जो पंखा ठेवील, तो घ्यावा.