पिशवीचा कॅन्सर: रोबोट की दुर्बीण?

"रोबोटनं केलं त कॅन्सर मुळासकट निंगते म्हनते." अमरावती-अकोल्याकडे कोणाला गर्भपिशवीच्या कॅन्सरचं निदान झालं की भेटायला आलेल्यांपैकी एकजण तरी हे सांगून जातो. दुसरा बजावतो, छिद्राबिद्राच्या नादी लागू नका, पोट उघडूनच साफ करून घ्या. दोघंही काळजीपोटीच बोलतात आणि दोघंही चुकतात.

आधी यंत्राचं. रोबोट आपल्या मनानं एक टाकाही घालत नाही. सर्जन टेबलापासून काही फुटांवर बसून, डोळे पडद्याला लावून हात हलवतो आणि पोटातली अवजारं तशीच वळतात. दुर्बिणीच्या नेहमीच्या ऑपरेशनात सरळ दांड्यांची अवजारं तो उभं राहून स्वतः धरतो. बाकी सगळं जवळपास सारखंच: पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवायचं, डोक्याकडची बाजू खाली करायची, चार-पाच छिद्रं घ्यायची, पिशवी, नळ्या आणि बहुधा अंडाशयंही सोडवून योनिमार्गे बाहेर काढायची. कॅन्सरची पिशवी पोटात तुकडे करून काढत नाहीत, कारण पेशी आत सांडण्याचा धोका असतो. ती अखंड निघत नसेल तर सर्जन पोटावर छेद घेतो. त्याला ऑपरेशन फसलं असं घरच्यांनी म्हणू नये.

आता "मुळासकट". ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हाँगकाँगमधल्या पहिल्या टप्प्याच्या 760 रुग्णांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाचं पोट उघडायचं आणि कोणाचं दुर्बिणीनं करायचं, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका पोट उघडलेल्यांत 81.3 टक्के आणि दुर्बिणीवाल्यांत 81.6 टक्के होत्या. छोट्या छिद्रांनी कॅन्सर मागे राहत नाही. उलट बाई लवकर घरी जाते. रोबोटनं केल्यावर दुर्बिणीपेक्षा आयुष्य वाढतं, हे मात्र अजून भक्कमपणे सिद्ध झालेलं नाही.

मग रोबोट निव्वळ देखावा? तेही नाही. या कॅन्सरचं एक मोठं कारण लठ्ठपणा. चरबीत तयार होणारं इस्ट्रोजेन पिशवीच्या अस्तराला वाढवत राहतं. म्हणजे टेबलावर येणाऱ्या बऱ्याच बायका वजनदार असतात, आणि सरळ दांडीचं अवजार तिथेच अडतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात दुर्बिणीनं सुरू केलेल्या चारांपैकी साधारण एकीचं पोट शेवटी उघडावं लागलं. फिनलंडमधल्या टाम्पेरेत शंभरेक रुग्णांवर रोबोट आणि दुर्बिणीची तुलना झाली, तेव्हा दुर्बिणीच्या गटात अशी वेळ पाच जणींवर आली, रोबोटच्या गटात एकीवरही नाही. अंगानं बारीक बाईला, दुर्बिणीवर हात बसलेला कॅन्सर सर्जन मिळत असेल, तर रोबोटसाठी महिनाभर थांबण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

हे सगळं पिशवीच्या आतल्या अस्तराच्या कॅन्सरबद्दल आहे. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेगळा. तिथे 2018 च्या अभ्यासात रोबोट किंवा दुर्बिणीनं केलेल्यांत आजार जास्त उलटला आणि पोट उघडलेल्यांचं बरं निघालं. म्हणून शेजारणीचा अनुभव ऐकताना तिला नेमका कुठला कॅन्सर होता, हे आधी विचारा.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज ऑपरेशनच्या कितीतरी आधीचा: "पाळी गेली होती, परत आली." पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून लाल गेलं, एकदाच आणि थेंबभर का असेना, तर ती पाळी नव्हे. अशा दहांतल्या नऊ जणींना कॅन्सर नसतोही. पण अस्तराच्या कॅन्सरच्या दहांतल्या नऊ जणींना सुरुवातीला हेच लक्षण असतं. सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात. जाड दिसलं तर बारीक नळीनं तुकडा घेऊन तपासतात. पहिल्या टप्प्यात आजार सापडतो तो बहुतेक असाच.

राहिला पैसा. रोबोटची अवजारं ठराविक वापरांनंतर बाद होतात, बिल त्यानंही वाढतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया आहेत. रोबोटचा वरचा खर्च त्यात बसतो का, हे दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं. नागपूरचं तुकडोजी महाराजांच्या नावाचं कॅन्सर रुग्णालय आपल्याला जवळ. मुंबईच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात जायचंच ठरलं, तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरच्या रुग्णांची आणि सोबतच्या माणसांची राहण्याची सोय होते.