‘फर्स्ट पार्टी आहे ना!’ म्हणून ट्रॅकवर उतरण्याआधी

पुण्याहून पहाटे निघायचं, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर मागे टाकत श्रीपेरुंबुदूर गाठायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर स्वतःची गाडी मनसोक्त पळवायची, असे ‘ट्रॅक डे’चे बेत हल्ली बरेच जण आखतात. रस्ताही सरळ आहे, पुण्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ च पुढे त्या ट्रॅकपाशी जातो. कोणी कोइम्बतूरच्या करी स्पीडवेला जातो, कोणी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटला, जिथे २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली. हा छंद मला मनापासून आवडतो. वेगाची हौस द्रुतगती मार्गावर भागवण्यापेक्षा ती इथे भागवलेली केव्हाही चांगली. इथे समोरून ट्रक येत नाही, कडेने कोणी चालत नसतं, वळणावर झेंडा घेऊन माणूस उभा असतो. पण निघण्याच्या आदल्या रात्री विम्याविषयी जी खात्रीची वाक्यं कानावर पडतात, त्यांतली बहुतेक चुकीची असतात. आणि चूक कळते ती गाडी बॅरियरवर आदळल्यानंतर.

‘फर्स्ट पार्टी काढलाय, म्हणजे सगळंच आलं’

पॉलिसीत ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ असा एक छोटा परिच्छेद असतो. गाडी कशासाठी वापरली तर विमा लागू नाही, ते तिथे लिहिलेलं असतं. भाड्याने देणं, मालवाहतूक, आयोजित शर्यत, पेस मेकिंग, वेगचाचणी, रिलायबिलिटी ट्रायल आणि वाहनव्यवसायासाठीचा वापर, एवढी ती यादी. २००२ च्या इंडियन मोटर टॅरिफमधला हा मजकूर आहे आणि बहुतेक कंपन्यांच्या खासगी गाडीच्या पॉलिसीत तो जवळपास जसाच्या तसा सापडतो.

हा परिच्छेद एकटा नसतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. पुढे ‘जनरल एक्सेप्शन्स’मध्ये पुन्हा म्हटलेलं असतं, की या मर्यादेबाहेर गाडी वापरली जात असताना झालेलं नुकसान किंवा आलेली जबाबदारी कंपनीवर नाही. ही कलमं पॉलिसीच्या सगळ्या भागांना लागू होतात. म्हणजे बंपर आणि बॉनेटचा खर्च तर अडकतोच, पण मालक-चालकाचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हरही त्याच कात्रीत सापडतं. घरी बायकोमुलं असलेल्या माणसाने बॉनेटच्या आधी त्या १५ लाखांचा विचार करावा, असं मला वाटतं.

‘आम्ही कुठे शर्यत लावतो?’

हा प्रश्न रास्त आहे. ट्रॅक डेला क्रमांक लावत नाहीत, बक्षीस नसतं, वळणावर ओव्हरटेक करायला बहुधा बंदीच असते. मग ती ‘आयोजित शर्यत’ कशी?

शब्दशः पाहिलं तर ती शर्यत नाहीच. विम्याच्या करारात एखादा शब्द खरोखर संदिग्ध असेल, तर त्याचा अर्थ करार लिहिणाऱ्या कंपनीच्या विरुद्ध आणि ग्राहकाच्या बाजूने लावावा, हे तत्त्व आपल्या न्यायालयांनीही मानलेलं आहे. त्यामुळे प्रशिक्षकाला शेजारी बसवून ब्रेकिंगचा सराव करणाऱ्याला मांडायला मुद्दा निश्चित आहे. पण यादीत ‘शर्यत’ हा एकच शब्द नाही, ‘वेगचाचणी’ही आहे. मोबाइलवर लॅप टायमर चालू असेल, मागच्या फेरीपेक्षा दोन सेकंद कमी आल्याचा व्हिडिओ संध्याकाळी ग्रुपवर पडला असेल, तर ‘मी वेग मोजत नव्हतो’ हे सर्व्हेअरला कसं पटवणार? वाद जिंकता येईलही, पण तो ग्राहक आयोगात, वकील लावून आणि गाडी वर्कशॉपमध्ये उघडी पडलेली असताना. याला विमा असणं म्हणत नाहीत.

म्हणून जाण्याआधी कंपनीला लेखी विचारावं. तारीख, ट्रॅकचं नाव, कार्यक्रमाचं स्वरूप, वेळ नोंदवतात की नाही, सगळं ईमेलमध्ये लिहावं आणि उत्तरही लेखीच घ्यावं. एजंटने फोनवर दिलेला ‘काही होत नाही साहेब’ क्लेमच्या वेळी उपयोगी पडत नाही.

‘झिरो डेप आहे, इंजिन प्रोटेक्टही आहे’

ॲड-ऑन मूळ पॉलिसीच्या खांद्यावर उभे असतात. मूळ क्लेमच बसत नसेल, तर घसारा कापायचा की नाही हा प्रश्नच उरत नाही. शिवाय झीज आणि यांत्रिक बिघाड मूळ पॉलिसीत कधीच नसतात. जळालेला क्लच, संपलेले ब्रेक पॅड, खरडून निघालेले टायर हा ट्रॅकचा रोजचा खर्च आहे. तो खिशातूनच जातो, धडक होवो न होवो.

‘निदान थर्ड पार्टी तरी चालतोच, तो कायद्याने सक्तीचा आहे’

सक्ती आहे, पण कुठे? मोटार वाहन कायद्याचं कलम १४६ सार्वजनिक ठिकाणी गाडी वापरण्यासाठी हा विमा सक्तीचा करतं. सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे जाण्याचा लोकांना हक्क आहे अशी जागा, अशी व्याख्या त्याच कायद्यात आहे. फी भरून, फॉर्मवर सही करून, फाटकातून आत घेतल्या जाणाऱ्या खासगी ट्रॅकला ती सहजासहजी लागू होत नाही. त्यातही कलम १५० नुसार आयोजित शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळणारी अट मोडली गेली, हा बचाव कंपनीला न्यायाधिकरणापुढे घेता येतो. आपल्या गाडीने दुसऱ्याची गाडी ठोकली, तर प्रवेशाच्या वेळी सही केलेला कागद महत्त्वाचा ठरतो. आपापलं नुकसान आपण सोसायचं आणि बॅरियरचं नुकसान भरून द्यायचं, असा मजकूर त्यात अनेकदा असतो. तो कागद रांगेत उभं राहून घाईघाईत सही करण्याचा नाही. आदल्या दिवशी मागवून वाचायचा.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनाही हाच फरक जपावा लागतो. न्युरबुर्गरिंगचा सुमारे २०.८ किलोमीटरचा नॉर्डश्लाइफं हा ट्रॅक पर्यटकांच्या फेऱ्यांच्या वेळी टोल भरून जाण्याचा रस्ता मानला जातो आणि तिथे वाहतुकीचे नियम चालतात. म्हणून आपला नेहमीचा विमा आपोआप लागू होतो असं समजू नये. रेस ट्रॅकवरच्या फेऱ्या वगळणारं कलम तिथल्या पॉलिसींतही असतं.

‘काही झालंच तर गाडी बाहेर ओढून आणू आणि हायवेवर ठोकली म्हणून सांगू’

हे बोलणं हसण्यावारी नेलं जातं, म्हणून स्पष्ट लिहितो. ही फसवणूक आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक हा गुन्हा आहे. आणि ती लपतही नाही. टायरच्या कडांवरचं वितळलेलं रबर, बंपरला चिकटलेला बॅरियरचा रंग, एअरबॅगच्या कंट्रोल युनिटमधली नोंद, इतरांनी काढलेले व्हिडिओ हे सगळं बोलतं. एका क्लेमपायी आपल्या नावावर खोटेपणाची नोंद ओढवून घ्यायची, एवढी कोणतीही गाडी मोलाची नाही.

उलट बाजूचे गैरसमज

काही जण इतके घाबरतात, की ट्रॅकवर गेलं की पॉलिसीच रद्द होते असं धरून चालतात. तसं नाही. वगळलेला असतो तो वापर आणि तोही चालू असेपर्यंत. पुण्याहून तिथवरचा प्रवास हा साधा प्रवास आहे, वाटेत हुबळीजवळ कोणी मागून ठोकलं तर क्लेम नेहमीसारखाच.

मेडिक्लेमबद्दलही असंच. धाडसी खेळ वगळणारं ‘एक्सक्लूजन ०९’ हे प्रमाणित कलम आरोग्य विम्यात असतं आणि त्यात मोटार रेसिंगचं नाव आहे. पण ते कलम व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यासाठी आहे. हौसेने गेलेल्या माणसाला एवढ्यावरून क्लेम नाकारला, तर त्याने तो निमूटपणे सोडून देऊ नये, ते शब्द दाखवावेत.

टॅरिफमध्ये आयएमटी ३१ नावाचं एन्डोर्समेंटही आहे. जादा हप्ता भरून, ठिकाण आणि तारीख नोंदवून ते रॅली आणि रिलायबिलिटी ट्रायलसाठी घेता येतं. मात्र शर्यत आणि वेगचाचणी त्यातूनही बाहेरच आहेत. अमेरिकेत ट्रॅक डेपुरती पॉलिसी सर्रास मिळते. गाडीची किंमत आधी ठरवून घेतात, ठरलेला हिस्सा मालकाने सोसायचा असतो आणि साधारणपणे ती फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीपुरती असते, दुसऱ्याच्या नाही.

आपल्याकडे लेखी होकार हातात नसेल, तर हिशेब सरळ आहे. आयडीव्ही, म्हणजे पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत, नऊ लाख असेल, तर ट्रॅकवर उतरताना ते नऊ लाख स्वतःचे, विनाविमा. कर्जाचे हप्ते बाकी असलेली घरातली एकुलती एक गाडी मी तरी नेणार नाही. एखाद्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी घ्यावी आणि नुकसानीची कमाल रक्कम किती, ते आधी कागदावर घ्यावं.

स्वतःचीच गाडी नेलीत, तर संध्याकाळी परत निघण्याआधी चाकांचे नट आवळून घ्या, ब्रेक पॅडची जाडी बघा, ब्रेक ऑइल उकळून पेडल मऊ झालेलं नाही ना हे तपासा. गाडी सुस्थितीत ठेवणं ही पॉलिसीतली मालकावरची अट आहे, आणि फाटकाबाहेर पडून महामार्गाला लागताच ती पॉलिसी पुन्हा पूर्ण लागू होते.