फोन घ्या, पण कानाने पारखून!

कपाशीचे पैसे हाती आले की जळगाव-धुळ्याच्या बाजारात स्मार्टफोनची खरेदी निघते. दुकानदार कॅमेऱ्याचेच गुण गातो. गाण्यासाठी फोन हवा, तर बियाण्यासारखा आवाजही पारखावा.

ओळखीचे एखादे अहिराणी गाणे दुकानातच लावा. आवाज पूर्ण वाढवा. शब्द फाटले, ढोल फुटका वाटला, तर तो फोन ठेवून द्या. दोन स्पीकरचा फोन घेताना एकावर बोट ठेवून दुसरा वाजतो ना, ते पाहा. इअरफोनची पिन बसायची जागा असलेली बरी. फोनमध्ये एफएम रेडिओ असेल, तर बहुधा ती वायरच त्याची एरियल असते.

आता कानांचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मोठ्यांसाठी मर्यादा सांगितली : ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास. आवाज वाढला की तास घटवावेत. ट्रॅक्टरवर इअरफोन नकोच. इंजिनावर मात करायला आवाज वाढतो आणि मागचा हॉर्न ऐकू येत नाही. फोन नवा मिळतो, कान मिळत नाहीत.

आणि भगिनींनो, श्रावणात कानबाईची गाणी म्हणणाऱ्या घरच्या आजीचा आवाज त्यात भरून ठेवा. तो कोणत्याच दुकानात मिळणार नाही.