ग्लासातली मिरी

शिराझ द्राक्षाची वाइन हुंगून कोणी ‘मिरीचा वास येतोय’ म्हणालं, की बाकीचे एकमेकांकडे बघून गालात हसतात. द्राक्षाच्या रसात मिरी कुठून येणार? पण ती खरोखरच असते. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली शिराझमधला हा वास कशाचा, ते शोधून काढलं. रेणूचं नाव रोटंडोन. आपल्या मसाल्याच्या डब्यातल्या काळ्या मिरीला मिरीचा वास येतो, तोही याच रेणूमुळे. लिटरभर रेड वाइनमध्ये त्याचे अवघे १६ नॅनोग्रॅम असले तरी नाकाला पत्ता लागतो. या हिशेबाने एक ग्रॅम रोटंडोन सव्वासहा कोटी लिटर वाइनला पुरेल. म्हणजे दहा हजार लिटरचे सव्वासहा हजार टँकर! त्याहून मौजेची गोष्ट अशी, की या संशोधकांच्या चाचणीत पाचांतल्या एकाला हा वास, पाण्यात कितीतरी पट वाढवूनही, आलाच नाही. तेव्हा एकाच ग्लासावरून दोघांचं भांडण झालं तर दोघंही खरं बोलत असू शकतात.

हे भांडण लावून देण्यासाठी घरासारखी जागा नाही. वाइन टेस्टिंग म्हटलं की लोकांना महागड्या बाटल्या आणि फ्रेंच उच्चारांची धास्ती वाटते. माझ्या मते खरी तयारी बाटलीची नाही, स्वयंपाकघराची. एका ताटात ठेचलेली मिरी, सिमला मिरचीची ताजी फोड, लिंबाची साल, लोण्याचा गोळा आणि व्हॅनिलाचे दोन थेंब एवढं मांडा. आधी ताट हुंगायचं, मग ग्लास.

सॉव्हिन्यों ब्लाँ या व्हाइट वाइनमध्ये सिमला मिरची सापडली तर ती कविकल्पना समजू नका. पायराझिन गटातला एकच रेणू दोन्हीकडे आहे, आणि द्राक्ष पिकत गेलं, घडांना ऊन मिळालं की तो कमी होतो. म्हणजे हिरवट वास आला तर वेलीवरच्या उन्हाचाही थोडा अंदाज बांधता येतो. लोण्याची गोष्ट आणखी जवळची. काही वाइनमध्ये, विशेषतः शार्डनेमध्ये, जिवाणू हिरव्या सफरचंदातल्या आम्लाचं दह्या-ताकातल्या आम्लात रूपांतर करतात आणि त्या उद्योगात लोण्याचा वास देणारं डायअसेटिल तयार होतं. घरच्या लोण्यातही तेच असतं! व्हॅनिला मात्र द्राक्षाचा नाही, ओकच्या पिंपाचा.

आता बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळा, कारण डोळे नाकाला सहज फितवतात. फ्रान्समधल्या बोर्दोच्या संशोधकांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना व्हाइट वाइन दिली होती, फक्त बिनवासाचा लाल रंग मिसळून. तिचं वर्णन त्यांनी रेड वाइनच्या शब्दांत केलं. शिकलेल्या नाकांची ही गत, तर लेबल आणि किंमत दिसल्यावर आपली काय होईल?

ग्लास एक तृतीयांशच भरायचा, म्हणजे वर वासाला जागा राहते. ग्लास फिरवल्यावर काचेवरून थेंब ओघळतात ते दाखवून ‘वाइन भारी आहे’ असं सांगणारा जाणकार प्रत्येक पार्टीत एक तरी असतोच. त्या ओघळांचा दर्जाशी संबंध नाही. अल्कोहोल आधी उडून जातं, काचेवरच्या थराचा पृष्ठताण वाढतो, तो खालची वाइन वर ओढतो आणि जड झालेले थेंब खाली येतात. शास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी हे १८५५ सालीच सांगून ठेवलंय.

पहिला घोट नाक चिमटीत धरून घ्या. आंबट, गोड, कडू, एवढंच कळेल. नाक सोडलं की घशामागून वास वर चढतो आणि फळं, मसाले एकदम हजर होतात. रेड वाइनने जीभ कोरडी पडते ती टॅनिनमुळे. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. चीजचा तुकडा तो खरखरीतपणा मऊ करतो. तिखट चिवडा मात्र आत ठेवा, कारण मिरचीचा जाळ आणि अल्कोहोलची आग जिभेच्या एकाच संवेदकाला चेतवतात. अगरबत्ती, अत्तर, मोगऱ्याचा गजरा यांनाही त्या दिवशी सुट्टी.

आठ जणांना प्रत्येकी ५० मिलिलिटर म्हणजे ४०० झाले. ७५० ची एक बाटली पुरून उरते. आधी व्हाइट, मग रेड. आपल्याकडच्या उकाड्यात रेडलाही अर्धा तास फ्रिज हवाच. बाटल्यांत नाशिकची आणि ऑस्ट्रेलियाची शिराझ शेजारी ठेवा. ऑस्ट्रेलियात वेल हिवाळ्यात झोपतो. नाशिकला तशी थंडी नाही, म्हणून बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि पावसाळा सरताना फळछाटणी करतात, आणि वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये खुडली जातात. एकच जात, पण दोन देशांची दोन वेळापत्रकं!

आणि गाडी चालवत घरी जाणाऱ्या पाहुण्याला नुसतं हुंगू द्या. त्याचं फारसं काही हुकणार नाही.