उजवीकडून डावीकडे : घरात शिकविली जाणारी हिब्रू मुळाक्षरे

नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुक्याच्या शिक्षकांना एक गोष्ट परिचयाची असेल. शाळेतील बाराखडीखेरीज आणखी एक भाषा मूल कधीकधी घरातून घेऊन येते. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध कुटुंबांत त्रिशरण-पंचशील पालीत, परंतु देवनागरीत छापलेल्या पुस्तिकेवरून मुखोद्गत होऊ लागले. मुस्लिम घरातील मूल अलिफपासून अरबी अक्षरे गिरविते. मराठी मातृभाषा असलेल्या कोकणातील बेने इस्रायल समाजाने हिब्रूचे शिक्षण असेच घरातून चालविले आहे.

आजच्या रायगड जिल्ह्यातील खेड्यांत तेलघाण्याचा व्यवसाय करणारा हा समाज शनिवारी काम बंद ठेवी, म्हणून त्याला ‘शनवार तेली’ हे नाव पडले. पूर्वजांचे गलबत नवगावनजीक फुटून धर्मग्रंथ समुद्रात गेले, अशी त्याची परंपरागत आठवण आहे. शब्बाथ, सुंता, आहाराचे नियम आणि ‘शमा’ ही प्रार्थना मात्र घराघरांत टिकली. येथे घरगुती शिक्षणाची मर्यादाही दिसते. आचार व पाठांतर घराने राखले; अक्षर राखता आले नाही.

ते परतले बाहेरून आलेल्या शिक्षकांमुळे. 1796 मध्ये सॅम्युएल इझिकिएल दिवेकर यांनी मुंबईत पहिले सिनेगॉग बांधले. एकोणिसाव्या शतकात कोचीनचे शिक्षक आले. 1832 मध्ये डॉ. जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. समाजाने व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. पुढे जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. 1874 मध्ये पुण्यात निघालेल्या सचित्र ‘हग्गादा’मध्ये हिब्रू व मराठी शेजारी शेजारी आहेत, आणि वल्हांडणाची बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडीत दाखविल्या आहेत. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये मुंबईत समाजासाठी शाळा सुरू केली.

हिब्रूची अक्षरे 22, आणि ती सर्व व्यंजने होत. लेखन उजवीकडून डावीकडे चालते. काना-मात्रांचे काम अक्षराच्या खाली-वर दिलेले ठिपके व रेघा करतात. पाच अक्षरे शब्दाच्या शेवटी आली की रूप बदलतात. ‘त्सादी’ या अक्षराशी मात्र मराठी मुलाला झगडावे लागत नाही, कारण ‘चमचा’तील च त्याच्या जिभेवर आधीच असतो. खरी कसोटी पुढे आहे. सिनेगॉगमधील तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात. तेराव्या वर्षी त्यातून वाचावयाचे, तर मजकूर कानाला आधीपासून ओळखीचा हवा, आणि ते काम घरीच होते. मुलांना घरी बसताना, वाटेने चालताना शिकवावे, ही आज्ञा ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आहेच. वल्हांडणाच्या रात्री तर घरातील सर्वांत लहान मुलानेच चार प्रश्न विचारावेत असा रिवाज आहे.

बरीच कुटुंबे प्रार्थना देवनागरीत लिहून मुलांना देतात. ही सोय मोठी खरी, पण फसवी. ‘तेत’ व ‘ताव’ दोहोंसाठी त, ‘काफ’ व ‘कोफ’ दोहोंसाठी क लिहिला की शब्दाचे मूळ धातू ओळखता येत नाहीत. मूल प्रार्थना बिनचूक म्हणते, पण ग्रंथ उघडल्यावर अडते. देवनागरीचा आधार अक्षरे बसेपर्यंतच घेतलेला बरा.

1948 नंतर समाजातील बहुसंख्य इस्रायलला गेले. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात यहुदींची संख्या 2,466 होती. 2016 मध्ये राज्य शासनाने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तोराच्या सार्वजनिक वाचनासाठी परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात; कोकणातील गावांत तेवढे जमणे अवघड झाले आहे. मग शुक्रवारच्या सायंकाळचा दिवा, मनुकांच्या सरबतावर म्हटलेला आशीर्वाद आणि आईवडिलांनी गिरवून घेतलेले ‘आलेफ’, ‘बेत’ एवढ्यावरच पुढच्या पिढीचे वाचन अवलंबून राहते.

स्थलांतरित कुटुंबांत चित्र उलटे झाले. इस्रायलमधील मुलांना हिब्रू शाळेत व रस्त्यावर आपोआप येते. तेथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघाले, आणि आता घरी मुद्दाम शिकवावी लागते ती मराठी.