डोंगरमाथ्यावरचे पाणी : टाके, तळे आणि बावखल

स्थलवर्णनपर लेखनात पाण्याची सगळी नावे एकमेकांच्या जागी चालतात, असा समज विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून वारंवार दिसतो. ‘गडावर एक सुंदर तलाव होता’ या एका वाक्यात टाके, कुंड, तळे आणि झरा हे सारेच बुडून जातात. ही केवळ शैलीची उणीव नव्हे. वैशाखात गड चढणारा मनुष्य आपले वर्णन वाचून किती पाणी बरोबर घ्यायचे ते ठरवत असेल, तर ‘तलाव’ या शब्दावर त्याने कितपत विसंबावे?

उदाहरणासाठी एक दिवसाची डोंगरयात्रा घेऊ. वसई-विरार पट्ट्यातील चांदीपसारख्या गावातून सकाळी निघून मुंबई-अहमदाबाद महामार्गाने मनोरच्या पुढे गेले की खडकोना हे पायथ्याचे गाव लागते. तेथून अशेरीगड चढून संध्याकाळपर्यंत घरी परतता येते. वाट दाट रानातून जाते आणि शेवटचा टप्पा कातळाचा आहे. माथ्यावर अशेरी देवीचे स्थान असलेली गुहा आहे, पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड आहे आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी व तळे आहे. एवढ्या उंचीवर, नदी नाही, ओढा नाही, तेथे पाणी आले कोठून?

युरोपातील आल्प्स पर्वतात लहान सरोवरे निसर्गानेच घडवली. हिमयुगात हिमनद्यांनी डोंगराच्या कुशी खरवडून खोलगट केल्या. बर्फ वितळल्यावर त्या खळग्यांत पाणी साचले आणि आजही वितळणारे हिम त्यांत भर घालते. सह्याद्रीला व त्याच्या पश्चिमेकडील डोंगरांना हिमनदीचा स्पर्श झालेला नाही. आपला डोंगर लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. चार महिने पाऊस कोसळतो आणि उतारावरून वाहून जातो. भेगाळ थरांतून जे थोडे मुरते, ते खालच्या घट्ट थरावर अडून कड्यातून झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून येथे डोंगरमाथ्यावरचा जलाशय बहुधा माणसाला खोदावा लागला. खोदताना निघालेला दगड तटबंदीला उपयोगी पडे; एकाच श्रमात भिंत आणि पाणी दोन्ही साधत. काही ठिकाणी छताचा कातळ तोलण्यासाठी मध्ये खांब राखलेले दिसतात. त्यांना खांबटाकी म्हणतात. सावलीमुळे त्यांतले पाणी कमी आटते.

आता शब्दांकडे वळू. ‘तलाव’ हा संस्कृत ‘तडाग’पासून प्राकृतातून आलेला शब्द विस्तार सुचवतो, ‘टाके’ हा शब्द मात्र खोदकामाची आठवण करून देतो. ‘टाकी’ म्हणजे छिन्नी आणि संस्कृतात ‘टंक’ म्हणजेही छिन्नी, हे साम्य मोहक आहे. पण केवळ साम्यावरून व्युत्पत्ती सिद्ध झाली असे मानू नये. इंग्रजीतील ‘टँक’ शब्दाविषयीही मतभेद आहेत: काही अभ्यासक तो गुजराती-मराठी ‘टांके’शी जोडतात, काही पोर्तुगीजांच्या ‘तांक’शी. १५३४ ते १७३९ या काळात पोर्तुगीज सत्तेखाली असलेल्या वसईच्या विद्यार्थ्याला हा वाद परका वाटू नये.

टाक्यापेक्षा जुना एक शब्द मात्र आपण गमावला आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कल्याण आणि शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारा, येथील दात्यांचे उल्लेख या लेखांत येतात. व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी दान म्हणून डोंगरात पाणी खोदवले, ही गोष्ट मला त्या लेखांतील कोणत्याही राजप्रशस्तीहून अधिक मोलाची वाटते. वस्तू टिकली, शब्द गेला.

याच्या उलट प्रक्रिया आज वसईच्या सपाटीवर घडते आहे. तेथील वाड्यांमधल्या गोड्या पाण्याच्या खोदीव तळ्याला ‘बावखल’ म्हणतात. यातील ‘बाव’ म्हणजे विहीर. मूळ संस्कृत ‘वापी’. पावसाचे पाणी बावखलात साठते, जमिनीत मुरते आणि समुद्राकाठच्या विहिरींत खारेपणा वाढू देत नाही. केळी, पानवेली आणि भाजीपाला त्याच्यावर पोसला गेला. जमिनीचे भाव चढले तशी अनेक बावखले भराव टाकून बुजवली गेली. बावखल बुजले की त्याचे नाव फक्त वृद्धांच्या बोलण्यात उरते आणि नातवंडे त्या जागेला इमारतीच्या नावाने ओळखू लागतात.

म्हणून वर्णन लिहिताना पुढील बाबी तपासाव्यात: पाणी खोदलेले की साचलेले, उघडे की छताखालचे, बारमाही की पावसाळी, पिण्याचे की वापराचे. गडावरील लोक यातला शेवटचा भेद काटेकोरपणे पाळत. पिण्याच्या टाक्यात कोणी पाय बुडवत नसे.

स्वाध्याय : आपल्या गावातील किंवा जवळच्या डोंगरावरील तीन पाणवठ्यांची स्थानिक नावे किमान दोन वयस्कर व्यक्तींकडून ऐकून त्यांच्या उच्चारांप्रमाणे नोंदवा. प्रत्येक पाणवठा आज वापरात आहे का, हे प्रत्यक्ष पाहून दीडशे शब्दांत लिहा. ‘तलाव’ हा शब्द केवळ तलावासाठीच वापरा.