न दुखणारा पाय : मधुमेही शेतकऱ्याने घ्यावयाची निगा

बैलाच्या खुरात खडा रुतला की तो लंगडू लागतो. धनी औत थांबवितो, पाय उचलून पाहतो, खडा काढतो आणि जरूर वाटल्यास त्या दिवशी त्याला जुंपत नाही. दुखते म्हणून बैल लंगडतो आणि लंगडतो म्हणूनच त्याचा पाय वाचतो. माणसाचेही तसेच आहे. परंतु मधुमेहामुळे ज्याच्या पायांची संवेदना गेली आहे, तो शेतकरी काटा रुतला तरी लंगडत नाही. तुरीचे किंवा पऱ्हाटीचे धसकट चप्पल भेदून तळव्यात शिरते आणि संध्याकाळी पाय धुताना उंबऱ्यावर उमटलेले रक्त पाहून घरची माणसेच ते त्याच्या ध्यानात आणून देतात. ‘दुखत तर नाही’, असे म्हणून दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शेताची वाट धरतो. पाय कापावा लागण्याची पाळी येते, तिचा आरंभ पुष्कळदा अशाच एका लहानशा जखमेतून झालेला असतो.

मधुमेह हा शहरातील बैठे काम करणाऱ्यांचा रोग, ही समजूत आता सोडून दिली पाहिजे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लक्ष लोकांना मधुमेह असून ग्रामीण भागातील प्रौढांत त्याचे प्रमाण शेकडा ८.९ इतके आढळले. म्हणजे शंभर प्रौढांमागे जवळजवळ नऊ जण. यांतील पुष्कळांचा दिवस चिखलात, ढेकळांत व काट्याकुट्यांत जातो.

संवेदना का जाते?

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, म्हणजे मज्जातंतूंना व त्यांचे पोषण करणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा होते. सर्वांत लांब मज्जातंतू पायाच्या बोटांपर्यंत गेलेले असतात. म्हणून पहिली झळ तेथेच लागते. आरंभी पायांना मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, कापसावरून चालत असल्यासारखे वाटते. पुढे ही आगही थांबते. रोगी समजतो की दुखणे बरे झाले. वस्तुतः संवेदना नाहीशी झालेली असते. कित्येकांना तर आधी कोणतीच सूचना मिळत नाही.

याच सुमारास पायाला घाम येईनासा होतो, कातडी कोरडी पडते व टाचांना भेगा जातात. पायातील लहान स्नायू दुबळे झाल्याने बोटे वाकडी होतात, चवड्यावर भार वाढतो व तेथे घट्टा पडतो. घट्ट्याखाली मांस चेंगरून आतल्या आत जखम होते. बिडी किंवा तंबाखूचे व्यसन असल्यास रक्तपुरवठाही कमी पडतो आणि जखम भरून येत नाही.

वेलोर येथील धडा

न दुखणाऱ्या पायाचे शास्त्र ज्या ठिकाणी प्रथम नीट उलगडले, त्यांत आपल्याच देशातील वेलोरचा समावेश होतो. डॉ. पॉल ब्रँड हे शल्यवैद्य १९४६ साली तेथील ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात आले व कुष्ठरोग्यांवर उपचार करू लागले. कुष्ठरोगात हातापायांचे मांस आपोआप झडते, असा त्या काळी समज होता. बारकाईने पाहता त्यांना दिसून आले की, बोटे रोगाने झडत नव्हती. संवेदना नसल्यामुळे रोज होणाऱ्या भाजण्या-कापण्याने, चेंगरण्याने ती झिजत होती. झोपेत उंदरांनी बोटे कुरतडली तरी काही रोग्यांना जाग येत नसे. यावरून पायाला इजाच होऊ न देणे हा उपाय ठरला. मऊ, सूक्ष्मरंध्री रबराच्या वहाणा करण्यात आल्या, त्या एम. सी. आर. चपला म्हणून आजही प्रसिद्ध आहेत. पुढे अमेरिकेत काम करताना ब्रँड यांनी हेच ज्ञान मधुमेही रोग्यांच्या पायांसाठी लावून दाखविले.

दोन मिनिटांची परीक्षा

गावपातळीवरील कार्यकर्त्यास कोणत्याही उपकरणावाचून करता येईल अशी एक सोपी परीक्षा आहे. मधुमेही व्यक्तीस उताणे निजवून पायांतील वहाणा व मोजे काढावेत आणि डोळे मिटावयास सांगावे. स्पर्श जाणवताच तिने ‘उजवा’ किंवा ‘डावा’ असे म्हणावे. परीक्षकाने आपल्या तर्जनीच्या टोकाने उजव्या पायाचा अंगठा, उजवी करंगळी, डावा अंगठा, डावी करंगळी, मग उजवे मधले बोट व डावे मधले बोट यांच्या टोकांना एक ते दोन सेकंद हलकेच स्पर्श करावा. बोट दाबू नये, टोचू नये, एका ठिकाणी दुसऱ्यांदा लावू नये. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श न कळल्यास त्या व्यक्तीस डॉक्टरांकडे पाठवावे. बधिरपणाचे कारण मधुमेहच असेल असे नाही. कुष्ठरोग, मद्यपान किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांनीही तो येतो. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावयाचे आहे. तसेच परीक्षेत स्पर्श कळला, म्हणून वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घेण्याचे टाळू नये.

रोजची निगा

गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. परंतु साखर ताब्यात ठेवल्यास पुढील हानी मंदावते. संवेदनेचे काम यापुढे डोळ्यांनी केले पाहिजे. रोज संध्याकाळी कोमट पाण्याने पाय धुवावेत. पाणी किती गरम आहे ते पायाने न पाहता कोपराने पाहावे. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात, नाही तर चिखल्या होतात. टाचांना खोबरेल लावावे, बेचक्यांत मात्र लावू नये. मग उजेडात तळवे पाहावेत. वाकता येत नसल्यास जमिनीवर आरसा ठेवावा. दृष्टी अधू असल्यास घरातील दुसऱ्या कोणी पाहावे. नखे सरळ कापावीत.

अनवाणी चालू नये. शेतातच काय, घरातही नाही. वैशाखातील तापलेल्या मातीने तळवे भाजतात तरी कळत नाही. वारीला किंवा देवदर्शनाला अनवाणी जाण्याचा नवस असल्यास तो दुसऱ्या रीतीने फेडावा. अंगठ्याची चप्पल बोटाच्या बेचक्यात घासते. त्याऐवजी पुढे रुंद व मागे पट्टा असलेली, मऊ तळाची वहाण घ्यावी. पायात घालण्यापूर्वी ती झटकून व आत हात फिरवून खडा किंवा वर आलेला खिळा पाहावा. भातलावणीत गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट वापरावेत व काम संपताच पाय कोरडे करावेत. हिवाळ्यात शेकोटीजवळ पाय नेऊ नयेत.

घट्टा किंवा कुरूप पात्याने कापणे, भेगांना बिब्ब्याचा चटका देणे, जखमेत चुना, तंबाखू किंवा शेण भरणे हे उपाय बधिर पायाला घातक आहेत. चटका कळत नसल्याने पोळलेले मांस खोलवर नासते.

जखम आढळल्यास

जखम स्वच्छ पाण्याने व साबणाने धुऊन स्वच्छ कापडाने झाकावी, त्या पायावर भार देऊ नये व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. खोल रुतलेला काटा दाभणाने उकरू नये. पाय लाल, उष्ण व सुजलेला असेल, पण दुखत नसेल, तर ते हाड मोडल्याचे किंवा सांधा निखळल्याचेही लक्षण असू शकते. तेव्हाही विलंब नको. शासकीय आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेहाची तपासणी केली जाते. पीक पाहणीस किंवा सभेस गेलेल्या कार्यकर्त्याने तिची आठवण करून द्यावी.

काढणीच्या घाईत आठ दिवस पायाला विश्रांती देणे शेतकऱ्याच्या जिवावर येते, हे खरे. परंतु लंगडणारा बैल घरी बांधून ठेवण्याचा हिशेब त्याला ठाऊक असतो. तोच हिशेब त्याने आपल्या पायाला लावावा. कारण हा पाय लंगडून सांगणार नाही, तो रोज पाहावा लागतो.